शुगर-बीपी मोजतो, पण उठणं-बसणं कोण मोजणार?

धागा: मृण्मयी_फिजिओ
विभाग: आरोग्य आणि ज्येष्ठ

घराघरांत आता बीपीचं मशीन असतं, ग्लुकोमीटर असतो. तारखेनिशी आकडे लिहिलेली वही डॉक्टरांकडे जाताना आठवणीने पिशवीत टाकली जाते. पण आई हात न टेकता खुर्चीतून उठते का, बाबांना हॉलमधून दारापर्यंत जायला किती वेळ लागतो, दोघांपैकी कोणाला अजून खाली बसून उठता येतं, याची नोंद त्या वहीत कधीच नसते. सत्तरी ओलांडलेला माणूस स्वतःच्या घरात स्वतःच्या बळावर राहू शकेल की नाही, हे मात्र बऱ्याचदा याच गोष्टींवर ठरतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ज्येष्ठ नागरिक संघांच्या शिबिरांत या चाचण्या घेते. इथल्या अनेकांचे आईवडील एकटे राहतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मोजायच्या गोष्टी दोन आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. पहिली, शरीरात किती ताकद, तोल आणि दम आहे. दुसरी, ती ताकद वापरून माणूस रोजचं काय काय स्वतः करतो. पायात जोर असूनही घराबाहेर न पडणारे आजोबा असतात, आणि गुडघे पार झिजलेले असूनही घर एकटीने चालवणारी आजी असते.

दुसऱ्या गोष्टीपासून सुरुवात करते, कारण तिला स्टॉपवॉच लागत नाही. क्लीव्हलँडमध्ये सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्ध रुग्णांचं निरीक्षण करून १९६३ साली सहा कामांची मोजपट्टी प्रसिद्ध केली: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. त्यांना दिसलं की या क्षमता साधारण एका क्रमाने जातात. आंघोळ सगळ्यात आधी, जेवण सगळ्यात शेवटी. आजारातून बरं होताना क्रम उलटा. म्हणून ‘आंघोळीला थोडी मदत लागते, बाकी सगळं उत्तम’ असं कोणी सांगितलं की मी ते वाक्य सोडून देत नाही. तिथेच पहिली खूण असते.

त्याच्याही आधी निसटतात ती जरा गुंतागुंतीची कामं. पॉवेल लॉटन आणि इलेन ब्रॉडी यांनी १९६९ मध्ये अशी आठ कामं मांडली: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं स्वतः घेणं, पैशांचे व्यवहार. मूळ पद्धतीत पुरुषांना गुण देताना स्वयंपाक, घरकाम आणि कपडे ही तीन कामं वगळली जात. मी वगळत नाही. सहचारिणी गेल्यावर भूक लागली की कुकर कोण लावणार, हा प्रश्न पुरुषालाही पडतोच. ज्यांनी आयुष्यात चहा केलेला नाही त्यांच्यापुढे मी ‘कधी शिकले नाहीत’ असं लिहिते. ‘आता जमत नाही’ यापेक्षा ही नोंद पूर्ण वेगळी आहे, कारण न शिकलेलं शिकवता येतं.

आता ताकदीकडे. घरी करता येतील अशा तीन चाचण्या.

साधारण १७ इंच उंचीची, सरळ पाठीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर एकमेकांवर. पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं, ३० सेकंदांत किती वेळा होतं ते मोजायचं. हाताने रेटा दिला तर गुण शून्य. कॅलिफोर्नियात फुलर्टनच्या विद्यापीठात रॉबर्टा रिकली आणि जेसी जोन्स यांनी ज्येष्ठांसाठी तयार केलेल्या संचातली ही चाचणी. अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था ती पडण्याचा धोका ओळखण्यासाठी वापरते. त्यांच्या तक्त्यात ७० ते ७४ वयाच्या पुरुषाचं १२ पेक्षा कमी आणि बाईचं १० पेक्षा कमी भरलं तर ते सरासरीखाली धरतात. ७५ ते ७९ साठी हेच आकडे ११ आणि १०, ८० ते ८४ साठी १० आणि ९.

दुसरी, चालण्याचा वेग. चार मीटर अंतर नेहमीच्या चालीने. घरात दोन फुटी लाद्या असतील तर साडेसहा लाद्या म्हणजे जवळजवळ चार मीटर. सुरुवातीच्या रेषेच्या दोन पावलं आधीपासून चालायला लागायचं आणि शेवटच्या रेषेच्या पुढे जाऊन थांबायचं, नाहीतर सुरू होण्या-थांबण्याचा वेळही त्यात धरला जातो. पाच सेकंद लागले तर वेग सेकंदाला ०.८ मीटर. २०११ साली नऊ पाहणींतल्या ३४ हजारांहून अधिक वृद्धांची माहिती एकत्र करून स्टुडेन्स्की आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की चालण्याचा वेग आणि पुढचं आयुर्मान यांचा जवळचा संबंध आहे. ०.८ च्या आसपास तो त्या वयाच्या मध्यम आयुर्मानाशी जुळतो. वेगात ०.१ ची घट म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नाही, आणि चार सेकंदांचे साडेचार झाले की साधारण तेवढी घट होते. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. म्हणून घड्याळ लावायचं.

तिसरी, खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. काठी नेहमी वापरत असतील तर हातात असू द्या. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजतात. मी मात्र आकड्याइतकंच वळणं बघते. वळताना बारीक बारीक पावलं पडतात का, हात भिंत शोधतो का.

इथे मला जे मनापासून म्हणायचंय ते येतं. या बहुतेक चाचण्या खुर्चीवर जगणाऱ्या माणसांसाठी घडल्या आहेत. आपल्याकडे कित्येकांचं आयुष्य जमिनीवर चालतं: पाटावर जेवण, देवापुढे मांडी, भाजी निवडणं, गावच्या घरातला भारतीय संडास, लग्नाची पंगत. खुर्चीच्या चाचणीत उत्तम गुण मिळवणारी बाई भाच्याच्या लग्नाला गावी जायचं टाळते, कारण तिथे कमोड नाही. तिचं स्वावलंबन कमी झालंय आणि कुठल्याच तक्त्यात ते उतरत नाही.

जमिनीची एक चाचणी आहे, आणि ती ब्राझीलमधून आली. क्लॉडिओ गिल आराउजो यांच्या गटाने २०१२ मध्ये ५१ ते ८० वयाच्या दोन हजारांवर लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. खाली बसण्याला पाच गुण, उठण्याला पाच. हात, कोपर, गुडघा किंवा मांडीची बाजू टेकली की प्रत्येक वेळी एक गुण वजा, तोल डळमळला की अर्धा. कमी गुणांच्या लोकांत पुढच्या काही वर्षांतले मृत्यू जास्त होते. आपल्याकडे मृत्यूचं भाकीत करण्यासाठी ती वापरावी असं मला वाटत नाही. पण माणूस जमिनीवरून उठू शकतो का, हे घरच्यांना ठाऊक असायलाच हवं. पडल्यावर हाड मोडलं नाही तरी उठता न आल्यामुळे तासन् तास फरशीवर पडून राहिलेली माणसं मी पाहिली आहेत.

म्हणून माझ्या नोंदवहीत तीन चाचण्यांखाली आणखी तीन ओळी असतात: मांडी घालून बसून उठणं, उकिडवं बसणं, एसटीची पहिली पायरी. यांचे प्रमाणित आकडे नाहीत. ‘आधाराशिवाय’, ‘एका हाताने’, ‘दोन हातांनी’, ‘माणूस लागतं’, ‘नाही’ एवढंच लिहायचं आणि सहा महिन्यांनी त्याच माणसाच्या जुन्या नोंदीशी ताडून पाहायचं. ७५ वर्षांवरच्यांना महाराष्ट्रात २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. पहिली पायरी चढता आली तरच त्याचा उपयोग.

सावधगिरी: चाचणी घेताना शेजारी उभं राहा. छातीत दुखतं, चक्कर येते, नुकतं ऑपरेशन झालंय, तर घरी करू नका. गुडघा किंवा खुबा बदलला असेल तर जमिनीवर बसण्याबद्दल आधी सर्जनला विचारा.

---

वाटसरू
अतिशय उपयुक्त. माझं वय ७४. रोज सकाळी टेकडीपायथ्यापर्यंत चालत जाऊन येतो, आजवर त्यात खंड नाही. वाचून लगेच खुर्चीची चाचणी केली, सौ. घड्याळ धरून. नऊच झाले. नवव्याला मांड्या थरथरायला लागल्या. रोज चालणाऱ्याचं असं कसं?

मृण्मयी_फिजिओ
@वाटसरू, काका, चालण्याने दम टिकतो आणि तो तुमचा चांगला आहे. पण सपाट रस्त्यावर मांडीच्या स्नायूंना शरीराचं पूर्ण वजन वर उचलावं लागत नाही. ते काम खुर्चीतून उठताना, जिना चढताना लागतं. तुमच्या वयाला १२ च्या खाली म्हणजे कमी, पण हे वाढवता येतं. १९९० साली बॉस्टनमध्ये मारिया फियाटारोन यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या अशक्त लोकांना आठ आठवडे वजनांचा व्यायाम दिला. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. माणसं जेमतेम दहा होती, पण त्यानंतर अशा व्यायामाकडे बघण्याची दृष्टी बदलली. तुम्ही चालणं सोडू नका. आठवड्यातून दोन-तीन दिवस तीच खुर्ची घ्या, हळू बसा, हळू उठा, आठ-दहा वेळा, मध्ये विश्रांती घेऊन पुन्हा. सहा आठवड्यांनी काकूंना घड्याळ धरायला सांगा.

अक्का_कोल्हापूर
माझा प्रश्न कपड्यांचा आहे. सासूबाई आयुष्यभर नऊवारी नेसल्या. पडल्यानंतर पाचवारीवर आल्या आणि आता दिवसभर गाऊन. गाऊन स्वतःचा स्वतः घालतात. मग त्या सहा कामांत ‘कपडे’ला पूर्ण गुण द्यायचे का? मला ते पटत नाही. घरात पाहुणे आले की त्या खोलीतून बाहेरच येत नाहीत, गाऊनवर येणं त्यांना आवडत नाही म्हणून.

मृण्मयी_फिजिओ
@अक्का_कोल्हापूर, कॅट्झच्या नियमाने पूर्ण गुण. त्या मोजपट्टीला एवढंच कळतं की कपडे अंगावर चढले. पण तुम्ही जे लिहिलंत ते मी शेजारी ठळकपणे लिहीन: ‘साडी सुटली, त्यामुळे माणसांत येणं कमी.’ साडी का सुटली ते शोधा. खांदा वर जात नाही? निऱ्या करताना वाकलं की तोल जातो? बोटांत पकड नाही? कारण खांद्याचं असेल तर व्यायामाने फरक पडू शकतो. तोलाचं असेल तर पलंगावर बसून निऱ्या करून, मग कशाला तरी धरून उभं राहून खोचता येतात. निदान सणावाराला त्यांना हवं ते नेसता यावं, हेच उद्दिष्ट ठेवून फिजिओकडे जा. ‘खांद्याची हालचाल वाढवा’ यापेक्षा ‘गौरीला नऊवारी नेसायची आहे’ हे सांगितलंत तर व्यायामही त्या हिशोबाने देता येतात.

निळाई
मी न्यू जर्सीत, आई पुण्यात एकटी. व्हिडिओ कॉलवर ‘सगळं जमतं गं’ हेच उत्तर मिळतं. गेल्या भेटीत लक्षात आलं की बँकेचं काम शेजारचे काका करतात, भाजी मावशी आणतात, औषधांच्या गोळ्याही मावशीच काढून ठेवतात. आई खोटं बोलत नव्हती. तिला खरंच वाटतं की जमतं. पण ती करत नाही. मग हे मोजायचं कसं?

कोकणातला_डॉक्टर
@निळाई, ‘जमतं का?’ हा प्रश्नच विचारू नका. ‘काल गोळ्या कोणी काढल्या?’, ‘या आठवड्यात भाजी कोणी आणली?’, ‘बँकेत शेवटचं कधी गेलीस?’ असं विचारा. काल घडलेल्या गोष्टीचं उत्तर नेमकं मिळतं. आणि भेटीला याल तेव्हा एक दिवस मावशींना सुट्टी देऊन नुसतं बघा, मदतीला धावू नका. आई चहा-नाश्ता, गोळ्या, दुपारचं जेवण कसं निभावते ते दिसेल. यात विसरण्याचा भाग किती आणि गुडघ्यांचा किती हे वेगळं काढणं फार महत्त्वाचं, कारण दोन्हींचे उपाय वेगळे.

धाग्यात भर घालतो. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार हाताच्या पकडीची ताकद पुरुषांत २८ किलोंपेक्षा कमी, बायकांत १८ किलोंपेक्षा कमी, किंवा पाच वेळा उठण्या-बसण्याला १२ सेकंद किंवा जास्त, असं असेल तर स्नायू झिजत असल्याची तपासणी पुढे न्यावी. पकड मोजायचं यंत्र घरी घ्यायची गरज नाही. आपल्या देशात मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्या-अभ्यास संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या ‘लासी’ या वार्धक्याच्या पाहणीत ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक लोकांना कामांबद्दल विचारलं आणि पकडही मोजली.

एक मोजमाप मात्र घरच्या बीपी मशीनवर होतं आणि कोणी करत नाही. पाच मिनिटं आडवं पडून बीपी घ्या, मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना सांगा. पहाटे लघवीला उठून पडणाऱ्यांत हे कारण मला वारंवार सापडलंय, आणि पुष्कळदा गोळीची वेळ किंवा मात्रा बदलून भागतं. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका.

आणि काल-परवापर्यंत चालणारा माणूस दोन दिवसांत उठेनासा झाला, तर ते म्हातारपण नव्हे. जंतुसंसर्ग, नवी गोळी, रक्तातलं सोडियम कमी होणं, पक्षाघात असं काहीतरी कारण असू शकतं. त्याच दिवशी दाखवा.

सडेतोड
थोडा विरोधी सूर लावतो. वडिलांना एका शिबिरात अशाच चाचण्या केल्यावर सगळ्यांसमोर कागद दिला, त्यावर लाल पेनने ‘धोका’. तेव्हापासून त्यांनी संध्याकाळचं देवळात जाणं बंद केलं. पडलो तर काय, एवढंच डोक्यात. म्हणजे मोजून त्यांचं स्वावलंबन घटलं. आधीच वय झाल्याची जाणीव पदोपदी करून दिली जाते, त्यात हे गुणपत्रक कशाला?

मृण्मयी_फिजिओ
@सडेतोड, तुमच्या वडिलांच्या बाबतीत झालं ते चुकीचंच झालं. पडण्याची भीती हाही पडण्याचाच एक धोका आहे. माणूस बाहेर जात नाही, पाय आणखी कमजोर होतात आणि मग खरंच पडतो. आकडा खासगीत सांगायचा, आणि त्याच बैठकीत त्यावर काय करायचं तेही हातात द्यायचं. उपाय देता येणार नसेल तर चाचणी घेऊ नये, या मताची मी आहे. पण मोजूच नये हे मला मान्य नाही. न मोजता घरचे लोक अंदाजाने ठरवतात आणि तो अंदाज बहुतेक वेळा ‘आता तुम्ही काही करू नका’ असा असतो. चांगल्या आकड्याच्या जोरावर ‘मला एकटीला गावी जाऊ दे’ असं मुलाला सांगणाऱ्या आज्या मला भेटल्या आहेत. वडिलांना पुन्हा देवळात न्या. पहिले काही दिवस सोबत जा, मग थोडं मागे राहून चाला.

सडेतोड
मागे राहून चालण्याचं लक्षात ठेवतो. धन्यवाद.

वऱ्हाडकर
गावाकडची बाजू सांगतो. आमच्या आजीला स्टॉपवॉचसमोर उभं केलं तर ती गोंधळते, खुर्चीवर बसायची सवय नाही. पण निंदणाला उकिडवी बसून अख्खी ओळ काढते. कागदावर ती नापास, शेतात आमच्यापेक्षा पुढे. फोन करणं, बँक, लिहिणं-वाचणं हे प्रश्नही तिला लागू होत नाहीत, कारण तिने ते कधी केलंच नाही.

कोकणातला_डॉक्टर
@वऱ्हाडकर, हाच प्रश्न संशोधकांनाही पडला होता. हरियाणातल्या बल्लभगढ भागात न शिकलेल्या वृद्धांसाठी वेगळी मोजपट्टी तयार केली गेली, ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात घरच्यांना विचारतात: सणवार लक्षात राहतात का, गावात वाट चुकते का, अशा गोष्टी. आजीसाठी तुम्ही तिच्याच कामांची यादी करा: निंदण, पाणी भरणं, चूल, शेतात जाणं-येणं. यातलं काही सुटायला लागलं की विचारा.

योकोहामावासी
जपानमधलं लिहितो. इथे दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा २००० पासून आहे आणि मदत मंजूर करण्याआधी नगरपालिकेचा माणूस घरी येऊन काय जमतं, काय नाही ते तपासतो. त्याच्याही आधीची पायरी म्हणून २५ प्रश्नांची ‘हो-नाही’ यादी आहे: एकटे बस-ट्रेनने जाता का, कठडा न धरता जिना चढता का, आठवड्यातून एकदा तरी घराबाहेर पडता का. अस्थितज्ज्ञांच्या संघटनेची सात प्रश्नांची आणखी छोटी यादी आहे. त्यात मला फार आवडलेले दोन: एका पायावर उभं राहून मोजा घालता येतो का, आणि हिरवा दिवा असेपर्यंत रस्ता ओलांडता येतो का. माझ्या बाबांना मी फोनवर दुसरा विचारला. म्हणाले, ‘दुभाजकावर थांबावं लागतं.’ हे त्यांनी आधी कधीच सांगितलं नव्हतं.

मृण्मयी_फिजिओ
@योकोहामावासी, रस्त्याचा प्रश्न मी माझ्या वहीत घेते. पादचारी सिग्नलची वेळ ठरवताना अनेक ठिकाणी सेकंदाला १.२ मीटर वेग धरतात. चार मीटरला पाच सेकंद लागणारा माणूस तेवढ्या वेळात दोन तृतीयांश रस्ताच ओलांडणार. मोज्याची चाचणी मात्र घरी पहिल्यांदा करताना भिंतीजवळ किंवा ओट्याला धरूनच करा.

अक्का_कोल्हापूर
एक व्यवहारी शंका. घरी हात नसलेली लाकडी खुर्ची नाही. प्लॅस्टिकची चालेल का? आणि किती दिवसांनी पुन्हा मोजायचं?

मृण्मयी_फिजिओ
प्लॅस्टिकची नको, ती मागे सरकते आणि पाय फाकतात. जेवणाच्या टेबलाची खुर्ची चालेल, पण उंची टेपने मोजून लिहून ठेवा आणि दर वेळी तीच वापरा, कारण दोन इंचांनीही आकडा बदलतो. चप्पल-बूट, दिवसाची वेळ, गुडघेदुखीची गोळी घेतली होती की नाही, हेही शेजारी लिहा. धडधाकट असतील तर सहा महिन्यांनी, व्यायाम सुरू केला असेल तर सहा ते आठ आठवड्यांनी, आणि रुग्णालयातून घरी आल्यावर चालायला परवानगी मिळाली की लगेच एकदा. सासूबाईंचा खांदा कुठपर्यंत वर जातो ते इथे कळवा, त्याप्रमाणे पुढचं सांगते.